टाकी बाहेर, काटा आत: आरव्हीत प्रोपेनचं गेज बसवताना

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या मॅडिसन कॅम्पग्राउंडमध्ये सप्टेंबरात रात्री पाणी गोठू शकतं, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर जाड रजया घेतल्या होत्या आणि आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, फर्नेस (प्रोपेन गॅसवरचा हीटर) लावून झोपलो होतो. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली ती गार वाऱ्यानं. फर्नेसचा पंखा फिरत होता, पण जाळीतून येत होती निव्वळ थंड हवा. टिकटिक ठिणगी पडायची, पेटायचं काही नाही, थोड्या वेळानं पुन्हा टिकटिक. आई साताऱ्याहून आली होती. तिनं पांघरुणातूनच निदान केलं, "गॅस संपला वाटतं रे. जरा हलवून बघ."

आता ती टाकी गाडीच्या चासीला बोल्टांनी आवळलेली. हलवायची तर अख्खी मोटरहोमच हलवावी लागली असती, आणि सकाळी नेमकं तेच करावं लागलं. सगळा बाडबिस्तरा आवरून, पाण्याचे नळ बंद करून, चौदा मैलांवरच्या वेस्ट यलोस्टोन गावात जाऊन गॅस भरून आणला. गंमत अशी की टाकीवर डायल होताच. बाहेरच्या कप्प्याचं दार उघडून वाकून बघितलं की दिसतो. पण संध्याकाळी पाऊस होता, आदल्या दिवशी उशीर झाला होता, त्याच्या आदल्या दिवशी आठवण नव्हती. थोडक्यात, बाहेरचा काटा कोणी बघत नाही. तो आत, चहाच्या ओट्याजवळ असला पाहिजे.

घरी आल्यावर मी ते काम दोन शनिवारांत केलं. पहिला शनिवार चुकीचं गेज मागवल्यामुळे वाया गेला. ती चूक तुमची होऊ नये म्हणून हे सगळं जरा फोड करून लिहितो.

आधी टाकी कोणती ते बघा

अमेरिकेतल्या आरव्हीत प्रोपेन दोन प्रकारे ठेवलेला असतो, आणि दोन्हींसाठी उपाय अगदी वेगळा आहे.

ट्रेलरला, म्हणजे पिकअपच्या मागे ओढायच्या गाडीला, पुढच्या त्रिकोणी दांड्यावर उभे सिलिंडर असतात. बहुधा दोन, २० किंवा ३० पौंडांचे. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरचे हे भाऊबंद. २० पौंडी म्हणजे साधारण ९ किलो गॅस. हे सिलिंडर काढून, उचलून, भरायला नेता येतात.

मोटरहोमला, म्हणजे इंजिनासकट असलेल्या गाडीला, आडवी टाकी कायमची बसवलेली असते. ती काढत नाहीत, गाडीच पंपावर नेतात. तिच्या आत एका दांडीवर तरंगता फ्लोट असतो आणि बाहेर टक्के दाखवणारा गोल डायल.

उभ्या सिलिंडरात आतला फ्लोट हा तुमच्या माहितीसाठी नसतो. तिथला फ्लोट सुरक्षेच्या व्हॉल्व्हचा असतो. सिलिंडर ८० टक्के भरला की तो भरणं थांबवतो. १ एप्रिल २००२ पासून अमेरिकेत असा व्हॉल्व्ह नसलेला छोटा सिलिंडर भरून देत नाहीत. त्याची तिकोनी मूठ ही ओळख. पण तो किती उरलंय ते सांगत नाही.

दाबाच्या गेजवर विश्वास का नको

दुकानात एक स्वस्त, गोल, पितळी गेज मिळतं. सिलिंडर आणि नळीच्या मध्ये बसवायचं, हिरवा-पिवळा-लाल काटा. घेऊ नका. सिलिंडरात प्रोपेन द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. जोवर तळाशी थोडासाही द्रव आहे, तोवर वाफेचा दाब ठरतो तो तापमानावर, साठ्यावर नाही. ७० अंश फॅरनहाइटला तो साधारण ११० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब), शंभर अंशांना १७० च्या आसपास, आणि शून्य फॅरनहाइटला जेमतेम २४. म्हणजे दुपारी हेच गेज 'भरलेली' म्हणेल आणि पहाटे 'संपत आली' म्हणेल, गॅस तेवढाच असताना. खरोखर संपत आल्यावर ते शेवटच्या थेंबाला खाली पडतं. तेव्हा तुम्हाला गेजची गरज उरलेली नसते, पंखा गार हवा फेकून ती बातमी देतोच.

यापेक्षा आपल्या आयांची युक्ती शास्त्रशुद्ध. ओलं फडकं सिलिंडरला गुंडाळून काढायचं. जिथवर द्रव आहे तिथवरचा ओलावा उशिरा वाळतो. ट्रेलरवाले कोमट पाणी ओतून हात फिरवतात, जिथे पत्रा एकदम गार लागतो तिथे द्रवाची पातळी. वजन करणं तर सगळ्यात अचूक. सिलिंडरच्या कड्यावर 'टीडब्ल्यू' अक्षरांपुढे रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं. तिथे १७ असेल आणि काटा २७ दाखवत असेल, तर १० पौंड उरला, म्हणजे अर्धा.

आणि एक सवय मात्र इथे आणू नका. गॅस कमी झाला की सिलिंडर आडवा करायचा आणि शेवटची पोळी भाजून घ्यायची, हे भारतात अनेक घरांत चालतं. आडव्या केलेल्या उभ्या सिलिंडरातून वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये जाऊ शकतो, आणि एक थेंब द्रव म्हणजे त्याच्या अडीचशेपटीहून जास्त वाफ. तिकडेही ते धोक्याचंच होतं.

ट्रेलरवाल्यांसाठी: लोहचुंबकाचा सेन्सर

हे काम तासाभराचं आहे, म्हणून आधी उरकतो.

उभ्या सिलिंडरसाठी ध्वनिलहरींचे सेन्सर मिळतात. मोपेका हे नाव या क्षेत्रात सगळ्यात ओळखीचं. बिस्किटाएवढी चकती सिलिंडरच्या बुडाला लोहचुंबकानं चिकटते, खालून वर आवाजाचा स्पंद सोडते, तो द्रवाच्या पृष्ठभागावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढते आणि ब्लूटूथनं आत पाठवते. बघायला फोन किंवा भिंतीवरचा छोटा डिस्प्ले. मी डिस्प्लेच घ्या म्हणेन. फोनवरचं अ‍ॅप उघडायला लागणं म्हणजे पुन्हा बाहेरचं दार उघडण्यासारखंच. पाहुण्यांना तर ते माहीतही नसतं. गाडीत व्हिक्ट्रॉन कंपनीचा जीएक्स पॅनल (बॅटरी, सोलर वगैरे एकत्र दाखवणारा) आधीच असेल, तर मोपेकाचा आकडा त्यावरही आणता येतो.

बसवताना बघायचं ते एवढंच. सिलिंडर काढा, उलटा नको, बाजूला थोडा कलता धरा. बुडाच्या बरोबर मध्यभागी चिखल, सुटलेला रंग, गंजाची खपली, स्टिकर जे असेल ते घासून काढा. चकती आणि पत्रा यांच्यामध्ये हवेची फट राहिली तर ध्वनी तिथेच अडतो. चकती अगदी मध्यावर हवी, कारण बूड गोलाकार असतं आणि बाजूला बसली तर प्रतिध्वनी तिरका जातो. मग सिलिंडर ट्रेवर ठेवताना चकतीखाली जागा उरते का बघा. सिलिंडरचं बुडाचं कडं आखूड असेल तर चकती ट्रेवर टेकते आणि खड्ड्यात सिलिंडरचं सगळं वजन तिच्यावर येतं. अशासाठी कड्याला लावायचे प्लॅस्टिकचे पाय मिळतात, ते लावा. नंतर वरची आवळपट्टी पुन्हा नीट घट्ट करा, कारण सिलिंडर आता अर्धा इंच उंच झालाय.

अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला लोहचुंबक चिकटत नाही, त्याला वेगळा सेन्सर लागतो. फायबरच्या पारदर्शक सिलिंडरला याची गरजच नाही. आणि रिकामा देऊन भरलेला घेण्याच्या योजनेत सिलिंडर बदलत असाल, तर देण्याआधी चकती काढून घ्यायला विसरू नका. पिंजऱ्यात जाऊन बसलेला सेन्सर परत मिळत नाही.

दोन सिलिंडर असतील तर सेन्सरही दोन घ्या. त्यांच्यामध्ये आपोआप बदलणारा रेग्युलेटर असतो: एक संपला की गुपचूप दुसऱ्यावर जातो आणि त्याच्या छोट्या खिडकीत हिरव्याचं लाल होतं. आत बसलेल्याला काही कळत नाही. मग एके दिवशी दुसराही संपतो, आणि तेव्हा दोन्ही रिकामे असतात.

मोटरहोमवाल्यांसाठी: जोडणी आधीच आहे का?

इथून पुढे माझं काम. पण पाना उचलण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, तुमच्या गाडीत दाराजवळ किंवा शेगडीच्या वर जो मॉनिटर पॅनल आहे, पिण्याचं पाणी, सांडपाणी, बॅटरी दाखवणारा, त्यावर 'एलपी' (म्हणजे गॅस) असं बटण आहे का? असेल आणि दिवा लागत नसेल, तर नवीन काही घेऊ नका. बहुतेक वेळा टाकीच्या डायलपाशी असलेली वायरची जोडणी गंजलेली असते. रस्त्यावरचं मीठ आणि पाणी थेट तिथेच उडतं. ती घासून, नव्यानं जोडून अनेकांचं काम दहा मिनिटांत होतं.

दुसरी, टाकीवरच्या डायलमधून दोन वायरी बाहेर आलेल्या आहेत का? असतील तर डायल 'सेंडर' आहे, म्हणजे काटाही फिरवतो आणि विजेचा रोधही बदलतो. फक्त काचेआड काटा असेल, वायर नाही, तर डायल बदलावा लागेल.

हा डायल बदलताना टाकी उघडावी लागत नाही, आणि बहुतेक लोक भितात ते इथेच. आतला फ्लोट आपल्या दांडीच्या टोकाशी एक लोहचुंबक फिरवतो. टाकीचं धातूचं झाकण बंदच असतं. बाहेरच्या डायलमधला दुसरा चुंबक त्या आतल्या चुंबकाच्या मागे मागे फिरतो, मध्ये भिंत असूनही. म्हणून डायल हा केवळ वर बसवलेला चेहरा आहे; तो दोन बारीक स्क्रूंनी किंवा खटक्यानं अडकवलेला असतो.

त्याच्या खाली, टाकीला टेकलेल्या धातूच्या चकतीवर मात्र जाड बोल्ट दिसतील. ते टाकीचं तोंड बंद ठेवतात, आणि आत शंभर पीएसआय आहे. त्या बोल्टांना पाना लावायचा नाही. थोडा सैल वाटला तरी नाही, गंजलाय म्हणून फवारा मारूनही नाही. ते काम परवाना असलेल्या प्रोपेन मेकॅनिकचं, आणि तोही टाकी रिकामी करून मगच करतो. मी तर काम सुरू करण्याआधी त्या बोल्टांवर लाल टेप चिकटवून टाकली. घाईत हात कुठेही जातो.

ओहमचं लग्न जुळवा

माझा पहिला शनिवार इथे बुडाला. सेंडर आणि आतलं गेज यांची भाषा एक हवी. सेंडर बोलतो ओहममध्ये, म्हणजे विजेच्या रोधाच्या एककात. आरव्हीच्या प्रोपेन टाक्यांवर नेहमी दिसणारा सेंडर ०–९० ओहमचा: रिकामी असताना शून्याजवळ, भरलेली असताना नव्वदाजवळ. पण बोटी आणि गाड्यांच्या दुकानात मिळणारी अमेरिकन गेजं बहुतेक २४०–३३ ची असतात, आणि ती उलटी चालतात: रिकामी म्हणजे २४०, भरलेली म्हणजे ३३. मी सुंदर, काळ्या चेहऱ्याचं, मागून दिवा लागणारं गेज मागवलं ते हेच. टाकी पाऊण भरलेली असताना ते कुठलंतरी भलतंच, तिसरंच आकडं दाखवत बसलं.

म्हणून खोक्यावरचं वाचा, आणि वाचून झाल्यावर मोजाही. नवा सेंडर हातात आला की मल्टिमीटर ओहमवर लावा, दोन्ही टोकं त्याच्या दोन वायरींना. फ्रिजवर चिकटवायचा एखादा चुंबक डायलच्या पाठीमागे हळूहळू फिरवा. काटा चुंबकामागे फिरतो आणि मीटरवरचा आकडा बदलतो. एका टोकाला किती, दुसऱ्या टोकाला किती, कागदावर लिहून ठेवा. आकडा मध्येच उडी मारत असेल किंवा 'अनंत' दाखवत असेल तर सेंडर परत पाठवा, गाडीखाली झोपण्याआधीच.

नवा डायल जुन्याच प्रकारचा हवा. अनेक अमेरिकन टाक्यांवर रॉचेस्टर या कंपनीचा डायल असतो. नाव आणि नंबर चेहऱ्यावर किंवा कडेला छापलेला असतो. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर जुळतं म्हणून डायल चालेलच असं नाही.

बाकी सामान: १८ गेजची (इथे गेज म्हणजे वायरची जाडी) दोन रंगांची वायर (टाकी ते गेज अंतराच्या दीडपट घ्या, वायर कधीच सरळ जात नाही), आतून गोंद असलेले हीट श्रिंक जोड, क्रिम्पिंगचा पक्कड, वायरवर चढवायची चिरलेली पन्हाळी नळी, रबर लावलेले क्लॅम्प, भोकासाठी रबरी ग्रोमेट, सीलंट, १ अँपिअरचा फ्यूज आणि त्याचा होल्डर, आणि एक दाबून धरायचं बटण. बटण कशाला ते पुढे येईल.

काम सुरू करण्याआधी

गाडी मोकळ्या हवेत उभी करा, गॅरेजमध्ये नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत, खड्ड्यात, गाडीखाली साचून राहतो, आणि तुम्ही तिथेच पाठीवर झोपलेले असणार.

टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मग आत जाऊन शेगडीचा एक बर्नर पेटवा आणि तो आपोआप विझेपर्यंत थांबा. नळ्यांमधला उरलेला गॅस जळून जातो. बर्नरची कळ बंद करा. फ्रिज, पाण्याचा गिझर, फर्नेस, जनरेटर, सगळं बंद. फ्रिज खास लक्षात ठेवा: तो 'ऑटो'वर असेल तर बाहेरची वीज काढल्याबरोबर स्वतःहून गॅसवर जायला बघतो आणि ठिणगी पाडतो.

मग बाहेरच्या विजेची तार काढा, आणि त्यानंतर घरच्या बॅटरीचं (म्हणजे इंजिनाची नव्हे, राहत्या भागाला वीज देणारी) ऋण टोक. क्रम महत्त्वाचा नाही, दोन्ही काढणं महत्त्वाचं आहे. नुसती बॅटरी काढली आणि तार जोडलेलीच राहिली, तर आतला कन्व्हर्टर १२ व्होल्ट देतच राहतो. मला वाटतं, आरव्हीत फ्यूज उडवणाऱ्या निम्म्या लोकांची हीच गोष्ट असावी.

डायल बदलणं

जुन्या डायलचा समोरून फोटो काढा. गाडी सपाट जागी हवी. हा फोटो नंतर पडताळणीला लागतो.

दोन बारीक स्क्रू. ते लहान आहेत, गंजलेले आहेत, आणि खाली पडले तर रेतीत सापडत नाहीत, म्हणून खाली एक जुना टॉवेल पसरा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नेमक्या मापाचं घ्या, दाबून फिरवा. डायल वर उचला. खालची बंद धातूची बैठक दिसेल, बहुधा धुळीनं भरलेली. कोरड्या फडक्यानं पुसा. लोखंडी कीस असेल तर तोही, कारण तो चुंबकाला चिकटून काटा अडवतो. इथे ग्रीस लावू नका.

नवा डायल ठेवा. ठेवताक्षणी काटा झटकन एका जागी जाऊन उभा राहील. फोटोशी ताडून बघा. जुन्यानं ६० दाखवलं होतं आणि नवा ६० च्या आसपास असेल, तर झालं. ४० किंवा ९० दाखवत असेल तर डायल फिरवून बसला आहे किंवा चुकीच्या प्रकारचा आहे. स्क्रू हातानं आवळा, जोर नको. खालचं धातू मऊ असतं.

आता वायरीच्या टोकांना मल्टिमीटर लावा. काटा ६० वर आणि मीटर पन्नासच्या वर पण नव्वदच्या आत, असं काहीसं असेल तर सेंडर जागेवर बोलतोय.

वायर कुठून न्यायची

माझ्या मते या सगळ्या कामातला एकच खरा निर्णय इथे आहे.

टाकीच्या कप्प्याला मागची आणि वरची भिंत असते, पलीकडे तुमचा सोफा किंवा पलंग. मोह होतो की या भिंतीला एक भोक पाडावं, वायर सरळ आत, चार इंचांचं काम. ते करू नका. ती भिंत गॅस आत येऊ नये म्हणूनच बंदिस्त केलेली आहे. कप्प्याच्या तळाशी हवेसाठी फटी ठेवलेल्या असतात, त्या गळलेला जड गॅस खाली रस्त्यावर सांडून जावा म्हणून. तुम्ही भिंत फोडली की त्याला झोपायच्या खोलीची वाट मिळते.

वायर कप्प्याच्या तळातून, त्याच फटींतून खाली काढा, चासीच्या दांड्याला धरून पुढे न्या आणि टाकीपासून चांगल्या अंतरावर जमिनीतून आत घ्या. नवं भोक पाडण्याआधी आधीचं एखादं आहे का शोधा. वायरींचा झुपका कुठेतरी आत जातच असतो. नसेलच तर जेवणाच्या बाकाखालची पेटी ही चांगली जागा, तिथे भोक दिसत नाही. आधी बारीक ड्रिलनं वरून सुईएवढं भोक पाडा, खाली जाऊन बघा ते कुठे निघालं. ब्रेकची नळी, डिझेल-पेट्रोलची नळी, पाण्याची टाकी यांपासून लांब असेल तरच भोक मोठं करा. ग्रोमेट घाला, वायर ओवा, मग वरून आणि खालून सीलंट. दोन्हीकडून, कारण खालून पाणी आणि धूर येतो.

गाडीखालच्या वायरवर पन्हाळी नळी चढवा आणि दर फुटा-दीड फुटाला क्लॅम्प. सायलेन्सर आणि त्याच्या नळीपासून दूर ठेवा. फिरणाऱ्या दांड्याजवळून तर अजिबात नको. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर एकट्यावर भरवसा ठेवू नका, दोन हिवाळ्यांत त्या तडकतात. टाकीजवळच्या जोडाशी वायर थोडी खाली झोळ देऊन सोडा, म्हणजे पाणी जोडाकडे न वाहता झोळाच्या टोकाशी टपकेल. आणि कप्प्याच्या आत ठिणगी पाडेल असं काही ठेवू नका: ना बटण, ना रिले, ना फ्यूज. तिथे फक्त सेंडर आणि गोंदाचे दोन जोड.

दोन वायरी का, एकच नेऊन दुसरं टोक चासीला का नाही जोडायचं? अनेक जण तसं करतात, पहिल्या वर्षी चालतंही. मग चासीचा जोड गंजतो आणि गंजाचा स्वतःचा रोध वाढतो, पाच ओहम, दहा ओहम. ०–९० च्या गेजला जास्त ओहम म्हणजे जास्त गॅस. म्हणजे जसजशी जोडणी खराब होते, तसतसं गेज तुम्हाला टाकी अधिक भरलेली आहे असं खोटं सांगत जातं. बिघडायचंच तर निदान 'कमी आहे' म्हणून बिघडावं. म्हणून अर्थिंगची वायर सेंडरपासून थेट आतल्या गेजपर्यंत आणा.

आतलं गेज

जागा निवडताना मॉनिटर पॅनलशेजारी बघा, कारण १२ व्होल्ट तिथे आलेलेच असतात. भिंतीत भोक पाडण्याआधी आतून हात घालून वा बारीक तारेनं चाचपून बघा. आरव्हीची भिंत म्हणजे दोन पातळ फळ्यांमध्ये वायरी आणि नळ्यांचं गाव.

गेजच्या पाठीवर तीन टोकं असतात. 'एस' खुणेच्या टोकाला सेंडरची वायर. ऋण टोकाला सेंडरची दुसरी वायर आणि गाडीच्या १२ व्होल्टचं ऋण, दोन्ही. धन टोकाला फ्यूजमधून आणि बटणातून आलेले १२ व्होल्ट. फ्यूज शक्य तितका स्रोताजवळ. वीज घरच्या बॅटरीची घ्या, इंजिनाच्या बॅटरीची नको. नाहीतर कॅम्पवर किल्ली फिरवल्याशिवाय काटा उठणार नाही.

दाबून धरायचं बटण यासाठी की गेजला सतत वीज लागत नाही. वीज नसलेल्या कॅम्पवर छोटा खर्चही मोजावा लागतो, आणि बटण दाबून बघितलेला काटा मनात जास्त राहतो, असा माझा अनुभव. सतत उजळलेल्या दिव्याकडे आठवड्याभरात कोणी बघत नाही.

मॉनिटर पॅनलच्या 'एलपी' टोकाला सेंडर जोडणार असाल तर त्या पॅनलला किती ओहमचा सेंडर चालतो ते त्याच्या पुस्तिकेत बघा. तो चार दिव्यांमध्येच सांगेल: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. मला ते कमी वाटतं. एक तृतीयांश आणि रिकामी यांच्यामध्येच तर सगळी रात्र असते.

जोडून झाल्यावर

बॅटरी जोडा, बटण दाबा, आणि बाहेरच्या डायलशी ताडा. एकानं आत, एकानं बाहेर. जुळत नसेल तर 'एस'वरची वायर काढून बघा. ०–९० चं गेज वायर मोकळी असताना पूर्ण भरलेल्याच्या पलीकडे जातं आणि 'एस' ऋणाला टेकवलं की रिकाम्यावर येतं. दोन्ही होत असेल तर गेज चांगलं आहे, दोष वायरीत किंवा सेंडरमध्ये. तुम्ही २४०–३३ ची जोडी लावली असेल तर हेच उलटं: मोकळी वायर म्हणजे रिकामी. कधी प्रवासात अचानक काटा पलीकडच्या टोकाला चिकटलेला दिसला, तर गाडीखाली वायर तुटलीय असं समजा, कोणीतरी रात्री गॅस भरून गेलंय असं नाही.

मग टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. झटक्यानं उघडला तर नळीत जास्त प्रवाह अडवणारा झडप बंद होतो आणि शेगडी मिणमिणते. आपण गॅसचा एकही जोड उघडलेला नाही, तरी आजूबाजूला हात, पाने, क्लॅम्प लागलेले असतात. साबणाच्या पाण्यानं जवळचे सगळे जोड तपासा. अमोनिया नसलेला साबण घ्या, अमोनिया पितळेला तडे पाडतो. फुगे दिसले तर व्हॉल्व्ह बंद आणि मेकॅनिक. काडी पेटवून बघणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीत एक तरी असतो. त्याला चहा करायला आत पाठवा.

त्याच दिवशी आतला गॅस डिटेक्टर बघून घ्या, जमिनीलगत बसवलेला. त्याच्या पाठीवर तारीख असते. तो म्हातारा झाला असेल तर नवं गेज कितीही छान असलं तरी आधी तो बदला.

काटा काय सांगतो

डायलचे टक्के टाकीच्या एकूण आकारमानाचे असतात आणि पूर्ण भरलेली म्हणजे ८० टक्के. वरची जागा गॅस तापून फुगण्यासाठी राखलेली. त्यामुळे ४० म्हणजे अर्धी.

माझ्या टाकीच्या पत्र्यावर १८ गॅलन पाण्याची क्षमता लिहिली आहे. म्हणजे भरल्यावर १४.४ गॅलन प्रोपेन. एका गॅलनमध्ये साधारण ९१,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). काटा २५ वर आला की ४.५ गॅलन उरला, म्हणजे ४ लाख १० हजारांच्या आसपास बीटीयू. फर्नेस तासाला ३०,००० ची. सतत चालली तर जेमतेम पावणेचौदा तास. कडाक्याच्या रात्री ती अर्धा वेळ चालते असं धरलं, तर तीन रात्री. त्यातून गरम पाणी आणि आईचे तीन वेळचे चहा वजा. फ्रिजची मात्र चिंता नको, तो तासाला दीड हजार बीटीयूच्या आसपास खातो.

पण थंडीत शेवटचा भाग हिशेबात धरू नका. प्रोपेनला द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो टाकीच्या पत्र्यातून घेतो. द्रव कमी, म्हणजे ओला पत्रा कमी, आणि बाहेरही गार. फर्नेसनं जोरात ओढलं की उरलेला द्रव आणखी गार होतो आणि दाब पडतो. म्हणून काट्याला अजून दहा टक्के दिसत असतानाही ज्योत लहान होऊ शकते. आमच्या घरात नियम ठरलाय: उन्हाळ्यात २० ला भरायचं, बर्फाच्या दिवसांत ३५ ला.

गाडी उतारावर उभी असेल तर फ्लोटही तिरका असतो आणि काटा पाच-दहा टक्के इकडेतिकडे जातो. ठोकळे लावून गाडी सपाट केल्यावरच बघा.

शेवटचं एक काम राहतं आणि ते गॅस पंपावर करायचं. भरण्याआधी काटा किती होता ते लिहा, भरल्यावर पावतीवर किती गॅलन आले ते लिहा. तीन-चार वेळा केलं की तुमच्या गेजचा स्वभाव कळतो. माझं गेज मधल्या भागात चोख आहे, पण २० च्या खाली थोडं आशावादी. ओट्याजवळ गेजशेजारी एक पांढरी टेप चिकटवली आहे, त्यावर माझ्या अक्षरात '२० = १५'. खाली आईनं पेन्सिलीनं तिची भर घातली आहे: 'चहाआधी बघणे'.